कायद्यातले मन आणि वॉर्डातली माणसे : लॉर्ना ब्रीन अधिनियमाची एक चिकित्सा

कायद्याचा मजकूर हा समीक्षेचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न वाङ्मयीन अंकाच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. कायदा शब्दांनीच बनतो. कोणता शब्द घ्यायचा आणि कोणता टाळायचा हे कोणीतरी बसून ठरवलेले असते. वाक्यातला कर्ता कोण, क्रियापद आज्ञेचे आहे की इच्छेचे, यावर हजारो माणसांचे बरेवाईट अवलंबून असते. कवितेतल्या एका शब्दावर आपण पानेच्या पाने लिहितो; कायद्यातल्या शब्दाच्या वाट्याला तेवढे लक्ष क्वचितच येते.

प्रस्तुत लेखात ज्या मजकुराचे वाचन करायचे आहे तो अमेरिकेतला आहे. १८ मार्च २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्या सहीने अमलात आलेला 'डॉ. लॉर्ना ब्रीन हेल्थ केअर प्रोव्हायडर प्रोटेक्शन अ‍ॅक्ट'. डॉक्टर, परिचारिका आणि इतर आरोग्यसेवकांचे मानसिक आरोग्य हा एकच विषय घेऊन केलेला हा देशपातळीवरचा कायदा. व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन यांनी तो २०२० च्या जुलैमध्ये प्रथम मांडला आणि दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने तो दीड-पावणेदोन वर्षांत संमत झाला. ज्या काळात त्या देशातले दोन पक्ष साध्या साध्या गोष्टींवर एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते, त्या काळात हे घडले. एवढ्या एकमताने एखादा कायदा होतो तेव्हा त्यात कोणाला झळ बसली नसावी, अशी शंका घेऊनच तो वाचायला हवा.

आधी ज्यांच्या नावाने हा कायदा ओळखला जातो त्यांच्याविषयी. डॉ. लॉर्ना ब्रीन न्यूयॉर्कमधल्या न्यूयॉर्क-प्रेसबिटेरियन संस्थेच्या अ‍ॅलन रुग्णालयात आपत्कालीन विभागाच्या वैद्यकीय संचालक होत्या. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला असलेले हे रुग्णालय करोनाच्या पहिल्या लाटेत रुग्णांनी भरून वाहिले. मार्च २०२० मध्ये त्यांना स्वतःलाच करोना झाला. त्यातून उठून त्या पुन्हा कामावर गेल्या. पुढे काही दिवसांतच त्यांची अवस्था अशी झाली की घरच्यांनी त्यांना व्हर्जिनियात नेले, तिथे रुग्णालयात उपचार झाले. २६ एप्रिल २०२० रोजी त्यांनी आयुष्य संपवले. वय ४९. यापूर्वी त्यांना मानसिक आजार नव्हता असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले आहे.

घरच्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मानसोपचार घेतल्याचे कळले तर आपला वैद्यकीय परवाना जाईल, आपली कारकीर्द संपेल, ही भीती त्यांना शेवटच्या दिवसांत होती. त्यांची बहीण जेनिफर फाइस्ट आणि मेव्हणे कोरी फाइस्ट, दोघेही वकील. त्यांनी बहिणीच्या नावाने प्रतिष्ठान काढले आणि परवान्याच्या अर्जातला प्रश्न हाच आपला मुख्य लढा मानला.

हा प्रश्न काय आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत डॉक्टरला परवाना केंद्र सरकार देत नाही; प्रत्येक राज्याचे वैद्यकीय मंडळ देते. परवाना मिळवताना आणि त्याचे नूतनीकरण करताना जो अर्ज भरायचा त्यात अनेक राज्यांत वर्षानुवर्षे एक प्रश्न असे: तुम्हाला कधी मानसिक आजाराचे निदान झाले आहे काय, तुम्ही कधी उपचार घेतले आहेत काय? आज काम करण्याची क्षमता आहे का, हा प्रश्न वेगळा. आणि वीस वर्षांपूर्वी महाविद्यालयात असताना तुम्ही समुपदेशकाकडे गेला होतात का, हा वेगळा. पहिला प्रश्न रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे. दुसरा माणसाच्या इतिहासात डोकावतो आणि तो इतिहास त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून ठेवतो. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याशी दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विसंगत आहे, अशी भूमिका अमेरिकेच्या न्याय खात्यानेच घेतली होती. २०१४ मध्ये लुइझियानात वकिलांच्या सनदेच्या अर्जातले असे प्रश्न याच कारणावरून बदलावे लागले. म्हणजे वकिलांनी आपला प्रश्न आधी सोडवून घेतला. डॉक्टर मागे राहिले, याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही.

या प्रश्नाचा परिणाम मोजलाही गेला आहे. मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५,८२९ डॉक्टरांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांनी सांगितले की परवान्याच्या काळजीमुळे आपण मानसिक आजारासाठी औपचारिक उपचार घ्यायला कचरू. ज्या राज्यांच्या अर्जांत असा खोलात जाणारा प्रश्न होता तिथे हे कचरणे अधिक होते. पुढल्याच वर्षी राज्य मंडळांच्या महासंघाने शिफारस केली की विचारायचेच तर आजच्या क्षमतेविषयी विचारा, जुने उकरू नका. शिफारस सौम्य होती, अंमलबजावणी त्याहून सौम्य.

इथे एक तपशील असा आहे की जो वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो. न्यूयॉर्क राज्याच्या परवाना-अर्जात मानसिक आजाराचा प्रश्न नव्हताच. डॉ. ब्रीन ज्या प्रश्नाला भीत होत्या तो त्यांच्या राज्याने कधी विचारला नसता. एक अनुभवी, संचालक पदावरची डॉक्टर, जिने आपला परवाना अनेकदा नूतनीकरण करून घेतला असेल, तिलाही हे ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असून त्यावर विश्वास बसत नव्हता. याचा अर्थ भीतीचे मूळ अर्जाच्या कागदापुरते नाही. ते वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून पेरले जाते. रात्रभर जागलेल्या हाउसमनने दमलो म्हणायचे नसते, रुग्ण दगावला तर जिन्यात जाऊन डोळे पुसायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. 'तुला झेपत नसेल तर ही शाखा सोड' हे वाक्य कोणत्याही देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात ऐकू येते. एका राज्याने अर्जातला प्रश्न काढला तरी शेजारच्या राज्यात तो असतो, रुग्णालयाच्या स्वतःच्या नेमणूक-अर्जात असतो, विमा कंपनीच्या कागदात असतो. माणूस कुठला कागद कुठला हे वेगळे करीत बसत नाही.

आता कायद्याच्या मजकुराकडे वळू. अपेक्षा अशी असते की ज्या भीतीपोटी हा कायदा जन्मला तिच्यावर त्यात काही बंधनकारक उपाय असेल. नाही. परवान्याच्या अर्जातला प्रश्न बदलायला हा कायदा कोणाला भाग पाडत नाही. परवाना हा राज्यांचा अधिकार, तेव्हा केंद्राच्या कायद्यात तो कसा येणार, हे उत्तर घटनात्मकदृष्ट्या बरोबर आहे. मात्र अमेरिकन काँग्रेस राज्यांकडून काही करवून घ्यायचे असते तेव्हा अनुदानाला अट जोडते. महामार्गांच्या निधीला अट जोडून तिने सगळ्या राज्यांत दारू पिण्याचे किमान वय २१ करून घेतले. इथे तशी अट जोडली गेली नाही.

मग कायद्यात आहे काय? थोडक्यात असे: आरोग्यसचिवांनी दोन वर्षांत आत्महत्या रोखण्याच्या आणि मानसिक आरोग्य सुधारण्याच्या उत्तम पद्धती शोधून त्या सर्वदूर पोहोचवाव्यात. आरोग्यसेवकांनी उपचार घ्यावेत यासाठी जागृतीची मोहीम काढावी. रुग्णालये आणि प्रशिक्षणसंस्था यांना कार्यक्रम राबवण्यासाठी अनुदाने द्यावीत. अडथळ्यांचा अभ्यास करून काँग्रेसला अहवाल द्यावा, आणि महालेखापालांनीही एक अहवाल द्यावा. मोहिमेसाठी वर्षाला १ कोटी डॉलर, अनुदानांसाठी ३.५ कोटी डॉलर. २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षे. एकूण साडेतेरा कोटी.

या वाक्यांतली क्रियापदे पाहा. शोधणे, पोहोचवणे, जागृत करणे, अनुदान देणे, अहवाल देणे. आज्ञार्थ आहे, पण तो सचिवांसाठी आहे. रुग्णालय हा या मजकुरात केवळ अनुदानाचा अर्जदार म्हणून येतो. त्याने अमुक करावे किंवा करू नये असे एकही बंधनकारक वाक्य त्याच्यासाठी नाही. आणि ज्याच्यासाठी सगळे चालले आहे तो आरोग्यसेवक वाक्याचा कर्ता जवळजवळ कुठेच नाही. त्याला कोणताही हक्क मिळत नाही. हक्क नसल्यामुळे तो मोडला गेला अशी तक्रारही करता येत नाही. शीर्षकात 'प्रोटेक्शन' आहे, संरक्षण. मजकुरात कोणापासून संरक्षण याचा पत्ता नाही.

शीर्षकातला दुसरा शब्द 'प्रोव्हायडर'. म्हणजे पुरवठा करणारा. विमा आणि बिलांच्या व्यवहारातून आलेला हा शब्द आता अमेरिकेत डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ सगळ्यांना सरसकट लावतात. ज्या व्यवस्थेत माणसाला पुरवठादार म्हणून मोजले जाते त्या व्यवस्थेने त्याच्या मनाची काळजी करणारा कायदा करावा आणि त्यालाही पुरवठादार-संरक्षण म्हणावे, यातला विरोधाभास मसुदा करणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा.

पैशाचे गणितही करून पाहू. अमेरिकेत आरोग्यक्षेत्रात काम करणारे दोन कोटींहून अधिक लोक आहेत. वर्षाला साडेचार कोटी डॉलर म्हणजे माणशी सुमारे दोन डॉलर. न्यूयॉर्कमध्ये एवढ्यात एक बरी कॉफी येत नाही.

या मजकुराचा कणा मात्र एका वेगळ्याच शब्दात आहे. 'मेंटल हेल्थ अँड रेझिलिअन्सी' ही जोडी त्यात पुन्हा पुन्हा येते. रेझिलिअन्सीला मराठी शब्द शोधताना आपण अडखळतो. लवचीकपणा म्हणावे तर त्यात वाकणे येते, चिवटपणा म्हणावे तर हट्ट येतो, तग धरणे म्हणावे तर तो गुण न राहता प्रसंग होतो. मूळ शब्द पदार्थविज्ञानातला, दाबल्यावर पुन्हा पूर्वस्थितीला येण्याचा गुण. स्प्रिंगचा गुण. दाब किती द्यायचा, कोण देतो, किती वेळ देतो, यांपैकी काहीही त्या शब्दात बसत नाही. स्प्रिंग तुटली तर ती कच्च्या धातूची होती असे म्हणायची सोय मात्र होते.

याच विषयातल्या दुसऱ्या शब्दाचा, 'बर्नआउट'चा, इतिहास उलट दिशेने जातो. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो शास्त्रीय लेखनात आणला. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांची दशा त्याने पाहिली होती, स्वतः अनुभवली होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले. म्हणजे कारण कामात आहे, हे संघटनेने व्याख्येतच सांगून टाकले. २०१८ मध्ये सायमन टॅलबट आणि वेंडी डीन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी बर्नआउट हा शब्दसुद्धा अपुरा आहे असे म्हणून व्हिएतनामच्या सैनिकांसंबंधी वापरला गेलेला 'मॉरल इंज्युरी' हा शब्द डॉक्टरांना लावला: रुग्णासाठी काय योग्य ते ठाऊक असून व्यवस्थेमुळे ते करता न येणे, ही जखम. आपल्याकडे याला जिवाची तगमग म्हणतील. २०२२ चा कायदा लिहिला गेला तेव्हा हे सगळे शब्द उपलब्ध होते. त्यांतून निवड झाली ती स्प्रिंगची.

कायद्याच्या बाजूने जे सांगता येते ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. पहिली गोष्ट म्हणजे मृत डॉक्टरचे नाव कायद्यावर आले. डॉक्टरांच्या आत्महत्या ही कुजबुजण्याची गोष्ट होती. ती काँग्रेसच्या नोंदीत आली, आणि नंतर वर्गात, परिषदेत तिच्याविषयी मोठ्याने बोलता येऊ लागले. दुसरी गोष्ट, कायद्यातल्या मोहिमेच्या तरतुदीतून कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या नायॉश या केंद्रीय संस्थेने २०२३ मध्ये 'इम्पॅक्ट वेलबीइंग' हा उपक्रम सुरू केला. पुढच्या वर्षी रुग्णालयांच्या प्रमुखांसाठी आलेली तिची मार्गदर्शिका माझ्या मते मूळ कायद्याहून शहाणी आहे. ती डॉक्टरला श्वासाचे व्यायाम शिकवत नाही. रुग्णालयाला सांगते की तुमच्या नेमणुकीच्या अर्जातले मानसिक आजाराचे प्रश्न आधी तपासा. तिसरी गोष्ट प्रतिष्ठानाने केली. राज्यामागून राज्य, मंडळामागून मंडळ गाठत त्याने तीसहून अधिक राज्यांच्या मंडळांकडून अर्जातली भाषा बदलून घेतली. हे यश कायद्याच्या बळावर मिळाले नाही, पण कायद्यामुळे दारे लवकर उघडली असतील हे मान्य करू. व्हर्जिनियाने तर २०२० मध्येच राज्याचा कायदा करून, थकलेल्या डॉक्टरने मदत मागितली तर ती माहिती गोपनीय राहील अशी व्यवस्था केली होती. खरे संरक्षण म्हणावे ते याला.

तरीही माझा मुख्य आक्षेप कायम राहतो, आणि तो आता परवान्याच्याही पलीकडचा आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये 'जामा' या नियतकालिकात मार्क ऑल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००८ ते २०१९ या काळातले अठरा लाखांहून अधिक अमेरिकन कामगार त्यात होते. आरोग्यक्षेत्राबाहेरच्या कामगारांशी तुलना करता, वय, लिंग, उत्पन्न वगैरे फरक हिशेबात घेऊनही, नोंदणीकृत परिचारिकांमध्ये आत्महत्येचा धोका ६४ टक्क्यांनी अधिक आढळला. तंत्रज्ञांमध्ये ३९ टक्क्यांनी. सर्वांत अधिक, ८१ टक्क्यांनी, आरोग्य-साहाय्यकांमध्ये: अंथरुणे बदलणारे, रुग्णाला कुशीवर वळवणारे, आंघोळ घालणारे, वृद्धाश्रमात रात्र काढणारे. आपल्या रुग्णालयांत ज्यांना मावशी आणि मामा म्हणतात ती माणसे. आणि डॉक्टर? त्यांच्यातला धोका तुलनेत किंचित अधिक दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक टिकला नाही.

या आकड्यांनी डॉ. ब्रीन यांच्या मृत्यूचे मोल कमी होत नाही, आणि करोनानंतरचे चित्र या अभ्यासाच्या कक्षेत नाही. पण हे आकडे हातात घेऊन कायदा पुन्हा वाचला की वेगळा दिसतो. मावशींकडे वैद्यकीय परवाना नसतो, त्यामुळे अर्जातला प्रश्न सुटून त्यांचे काही सुटत नाही. जागृतीची मोहीम त्यांना सांगणार की उपचार घ्या. ते घ्यायला लागणारी सुट्टी पगारी नसते. त्यांच्या मनावरचा भार मोजायचा तर एका पाळीत किती रुग्ण उचलावे लागले, हेच मोजावे लागेल.

आणि असे मोजणारे कायदे अमेरिकेत आहेत. फक्त त्यांच्या नावात मानसिक आरोग्य नाही.

पहिला न्यूयॉर्कचाच. १९८४ च्या मार्चमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावर काही तासांत मरण पावली. हेच रुग्णालय पुढे १९९८ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन न्यूयॉर्क-प्रेसबिटेरियन झाले, म्हणजे ज्या संस्थेत पुढे डॉ. ब्रीन काम करीत होत्या ती. मुलीचे वडील सिडनी झायन पत्रकार. आपली मुलगी दमलेल्या, देखरेख नसलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या हाती गेली हे त्यांनी लावून धरले. त्यातून समिती नेमली गेली आणि १९८९ पासून राज्याच्या नियमसंहितेतले कलम ४०५ लागू झाले: निवासी डॉक्टरने आठवड्याला ८० तासांहून अधिक आणि सलग २४ तासांहून अधिक काम करू नये. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा देशभरच्या प्रशिक्षणाला लागू झाली. तिची पायमल्ली होते, खोटे तास लिहिले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आकडा आहे. तो मोडला असे सिद्ध करता येते. गंमत म्हणजे ही मर्यादा केवळ शिकणाऱ्यांसाठी आहे. डॉ. ब्रीन यांच्यासारख्या पूर्ण डॉक्टरला ती लागू नव्हती.

दुसरा कॅलिफोर्नियाचा. १९९९ मध्ये संमत होऊन २००४ पासून अमलात आलेल्या या कायद्याने एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत हे ठरवून दिले. अतिदक्षता विभागात दोन, आपत्कालीन विभागात चार, सर्वसाधारण वॉर्डात आधी सहा आणि २००५ पासून पाच. रुग्णालयांच्या संघटनांनी विरोध केला, परिचारिकांच्या संघटनेने रस्त्यावर उतरून तो मोडून काढला. या कायद्याला पाठबळ देणारे संशोधन लिंडा एकन यांचे. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात त्यांना आढळले की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी. पुढे कॅलिफोर्नियातल्या परिचारिकांची इतर राज्यांशी तुलना झाली तेव्हा तिथे बर्नआउट कमी दिसला. या कायद्यात मनाविषयी एक शब्द नाही. तरी आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्याचा कायदा म्हणून मला एकच निवडायला सांगितले तर मी हा निवडीन. त्यात रुग्णालय कर्ता आहे, क्रियापद बंधनकारक आहे आणि वाक्यात संख्या आहे. म्हणूनच त्याच्या वाट्याला एकमत आले नाही.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध दोन ठिकाणी येतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी सुमारे चौथा हिस्सा परदेशांत शिकलेला आहे आणि त्यांत भारतातून गेलेल्यांची संख्या सर्वाधिक. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-मिरजेच्या महाविद्यालयांतून गेलेले कितीतरी त्यांत आहेत. एच-वन-बी व्हिसा नोकरी देणाऱ्याशी बांधलेला असतो. जे-वन व्हिसावर शिकलेल्याला मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट हवी असेल तर बहुधा डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी करावी लागते. अशा डॉक्टरला थकव्यापायी रजा मागताना परवान्याखेरीज देशात राहण्याचा हक्कही तोलावा लागतो. लॉर्ना ब्रीन कायद्याने ज्या अडथळ्यांचा अभ्यास करायला सांगितले त्यांत या अडथळ्याचे नाव नाही.

दुसरे ठिकाण आपले घर. भारताचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम अमेरिकन कायद्याच्या नेमका उलट आहे. तो हक्कांची भाषा बोलतो. उपचार मिळण्याचा हक्क देतो, गोपनीयतेचा हक्क देतो, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगतो. डॉक्टरही नागरिक असल्याने हे सारे त्याला लागू आहे. पण हा हक्क वॉर्डाच्या दारात थबकतो, कारण ड्यूटीचा तक्ता लावणाऱ्यावर त्याचा काही अंमल नाही. महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसा रोखण्याचा कायदा केला. नातेवाइकांनी हात उचलला तर तो अजामीनपात्र गुन्हा. एका निवासी डॉक्टरच्या भोवती पन्नास नातेवाईक का गोळा होतात, याचा विचार त्यात नाही. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने आठवड्याला सर्वसाधारणपणे ४८ तास म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलाने २०२४ च्या अहवालात शिफारस केली ती ७४ तासांच्या मर्यादेची. बत्तीस वर्षांत आकडा कुठल्या दिशेने सरकला ते पाहावे. वास्तव त्याच्याही पुढे गेले होते म्हणून ७४ तासांचेही निवासी डॉक्टरांना अप्रूप वाटावे, ही खरी दुःखाची गोष्ट.

आणि अहवाल वैद्यकीय विद्यार्थ्यांचा होता, तेव्हा त्यात मावशी-मामा नसणारच. त्यांत आशाही नसणार. महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशा आहेत. कायद्याच्या भाषेत त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना मिळतो तो पगार नसून मोबदला. करोनाच्या काळात दारोदार जाऊन ऑक्सिजन मोजणाऱ्या या बायकांना २०२१ च्या जूनमध्ये संपावर जावे लागले. पुढल्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. 'प्रोव्हायडर' या शब्दाला आपण वर हसलो. 'स्वयंसेविका' हा आपला शब्द त्याच मापाने मोजून पाहायला हरकत नाही. पहिल्या शब्दात निदान बिल देण्याची कबुली आहे.

अमेरिकेत लॉर्ना ब्रीन कायद्यातल्या निधीच्या तरतुदीची मुदत २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपली. त्याआधीच तिच्या मुदतवाढीचे विधेयक काँग्रेसपुढे आले होते. मूळ चौकट तशीच ठेवून ते निधी पुढे चालू ठेवू पाहत होते. मोहीम राबवणाऱ्या नायॉशमधल्या मोठ्या संख्येने कर्मचाऱ्यांना २०२५ च्या एप्रिलमध्ये कामावरून कमी करण्याच्या नोटिसा मिळाल्या. आरोग्यसेवकांच्या ताणाची काळजी वाहणाऱ्यांच्या नोकऱ्यांवर अशी गदा आली. कॅलिफोर्नियासारखे परिचारिका-रुग्ण प्रमाण देशभर बंधनकारक करणारे विधेयकही २०२३ मध्ये पुन्हा एकदा दाखल झाले होते. त्यात प्रत्येक विभागासाठी संख्या दिलेली होती. ते समितीच्या पुढे गेले नाही.